जुन्या जीपचं अडकलेलं चाक कसं काढायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जुळवायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या सीजे-३बी आणि नंतरच्या ५४०सारख्या गाड्या आजही कोकणातल्या बागांत, घाटमाथ्यावरच्या वाड्यांत आणि हौशी लोकांच्या अंगणात उभ्या आहेत. इंजिन, गिअर, वायरिंग सगळं जमवून झालं की बरेच जण एका साध्या कामाशी येऊन थांबतात: चाक निघत नाही. खालची उत्तरं या गाड्यांना धरून आहेत. मारुती जिप्सी किंवा इतर जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला यातलं बरंचसं लागू पडतं.

पाचही नट काढले, तरी चाक जागचं हलत नाही. असं का होतं?

चाक आवळून धरतात ते नट, पण ते बसलेलं असतं हबच्या, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या फिरत्या भागाच्या, मधल्या गोल उंचवट्यावर. रिमचं मधलं भोक आणि तो उंचवटा यांच्यात जेमतेम केसभर फट असते. तिथे पाणी शिरतं, गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे ती फट भरते आणि पाचर ठोकल्यासारखं चाक आवळलं जातं. रिमची पाठ आणि ब्रेक ड्रमचा चेहरा जिथे टेकतात तिथेही हेच होतं.

खाडीकाठी वावरणाऱ्या गाडीला हा त्रास लवकर होतो, कारण मीठ गंजाला घाई करतं. पण मीठच लागतं असंही नाही. भातखाचरातला चिखल आठवडाभर ओला राहतो. झाडाखाली चार पावसाळे उभ्या राहिलेल्या जीपचं चाक रोज चालणाऱ्या जीपपेक्षा जास्त घट्ट बसतं.

एक कारण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे रंग. रिम आणि ड्रम दोन्ही नव्याने रंगवून ओलसर असतानाच चाक चढवलं, तर रंगच सरसासारखा चिकटतो. अलॉय रिम असेल तर आणखी वेगळं: ॲल्युमिनियम आणि बिडाचा हब एकमेकांना टेकलेले, त्यात खारं पाणी, की पांढरी भुकटी धरते आणि रिम हबला जखडते.

नटच सुटत नाहीत. पाईप लावून जोर करू का?

थांबा. जोर लावायच्या आधी आटे कोणत्या दिशेचे आहेत ते बघा. जुन्या विलिस पद्धतीच्या जीपला डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांना उलटे आटे असायचे. चाकाच्या फिरण्याने नट आपोआप सैल होऊ नये हा त्यामागचा विचार. डावी बाजू म्हणजे गाडीत बसून पुढे बघताना तुमच्या डाव्या हाताची. ते नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की सुटतात. हे माहीत नसलेला माणूस सुटायच्या नावाखाली नट आवळत जातो, पाईप लांबवतो आणि शेवटी स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा, कट्कन तुटतो.

ओळखायचं कसं? स्टडच्या टोकावर इंग्रजी एल अक्षर आहे का बघा. नसेल किंवा गंजाने पुसलं असेल, तर नटाबाहेर दिसणारे आटे ब्रशने घासा आणि स्टड उभा धरलाय अशी कल्पना करून पाहा. आटे उजवीकडे चढत गेलेले दिसले तर सरळ, डावीकडे चढत गेलेले दिसले तर उलटे. प्रत्येक चाक वेगळं तपासा. इतक्या वर्षांत कुणी तरी हब बदललेला असतो आणि एकाच बाजूला पुढे सरळ, मागे उलटे असंही सापडतं.

आटे कळले की वायर ब्रशने उघडा भाग स्वच्छ करा, गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आधी किंचित आवळायच्या दिशेने दाब द्या, गंजाची पकड तिथे मोडते, मग सोडवा. हे चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच करायचं, जॅकवर नाही.

कोणता पाना लागतो?

मूळ स्टड अर्धा इंच जाडीचे, इंचाला वीस आटे असलेले असतात आणि नटाला पाऊण इंची पाना लागतो. १९ मिलिमीटरची गोटी (सॉकेट) चालते, दोन्हींत फरक नगण्य आहे. गोटी सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. कोपरे आधीच गेले असतील तर किंचित लहान गोटी हातोडीने ठोकून बसवा आणि तो नट पुन्हा वापरू नका.

एक सावधगिरी. जिप्सीच्या चाकाचं भोकांचं वर्तुळ जीपइतकंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटरचं आहे, त्यामुळे चाकांची अदलाबदल झालेली दिसते. नट मात्र अदलाबदल होत नाहीत. जिप्सीचे आटे मेट्रिक आहेत. ‘बसतोय की’ म्हणून चढवलेला नट दोन आट्यांवर लटकलेला असतो.

हँडब्रेक ओढलाय, तरीही चाकांना दगड लावायलाच हवेत का?

हवेतच, आणि याचं कारण नीट समजून घ्या. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीच्या मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब प्रोपेलर शाफ्टवर असतो. शाफ्ट धरला की दोन्ही मागची चाकं धरली जातात, पण ती दोन्ही जमिनीवर असतील तोवरच. तुम्ही एक मागचं चाक उचललं की डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर) आपलं काम करतं: उचललेलं चाक उलटं फिरतं, जमिनीवरचं चाक सुलटं फिरतं आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असताना जीप जॅकवरून पुढे निघते.

माझ्या समोर हे झालंय. अंगणाला उतार होता तो डोळ्यांना दिसणारही नाही इतका. मागचं उजवं चाक वर गेलं, मी नट काढायला वाकलो आणि जीप एक वीतभर सरकून जॅकवरून खाली बसली. ड्रम जमिनीवर आपटला, बोटं थोडक्यात वाचली. त्या दिवसापासून मी दोन लाकडी पाचरी गाडीतच ठेवतो.

तेव्हा: जागा सपाट आणि टणक. गिअर टाका, फोर-व्हील टाका. पुढे लॉकिंग हब (पुढचं चाक त्याच्या शाफ्टला जोडणारी कळ) असतील तर तेही लॉक करा, म्हणजे पुढची चाकंही धरली जातात. हँडब्रेक ओढा. जे चाक काढायचं नाही त्याला पुढून आणि मागून दोन्हीकडून दगड किंवा पाचर लावा. जॅकखाली फूटभर रुंद फळी ठेवा. आणि गाडी उचलली की ॲक्सलखाली घोडी (लोखंडी ॲक्सल स्टँड) लावल्याशिवाय काही ठोकू नका. अडकलेलं चाक काढणं म्हणजे धक्के देणं आणि धक्के सोसायला जॅक बनलेला नाही. विटांचा रचलेला ढीग घोडीच्या जागी चालत नाही, वीट एका क्षणात फुटते.

चाक हबवरून सुटावं म्हणून आधी काय करून बघावं?

आधी गाडी जमिनीवर असतानाच जे करता येतं ते. कारण तिथे गाडी अंगावर येण्याचा धोका नाही.

रिमच्या मधल्या भोकाच्या कडेने, हबला लागून, गंज सोडवणारं तेल सोडा. ते मिळालं नाही तर डिझेल चालतं, मात्र त्याला वेळ द्यावा लागतो. एक रात्र, जमलं तर दोन. तेल थेंबाथेंबाने सोडा, फवारू नका. ड्रमच्या आत ब्रेक लायनिंगपर्यंत ते पोचलं तर चाक निघेल, पण ब्रेक लागणार नाही.

मग पाचही नट अर्ध्या फेऱ्याने सैल करा. जास्तीत जास्त एक फेरा. काढायचे नाहीत. जॅकने चाक जमिनीपासून दोन बोटं उचला आणि जॅक झटकन सोडा, म्हणजे गाडीचं वजन चाकावर आदळेल. असं तीन-चार वेळा. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक चाकं इथेच सुटतात. ‘टण्’ असा आवाज येतो, तो एकदा ऐकला की पुढच्या वेळी लगेच ओळखू येतो.

नाहीच सुटलं तर गाडी सुरू करा. नट तसेच अर्धा फेरा सैल ठेवून मोकळ्या मैदानात चार-पाच फूट पुढे, ब्रेक. चार-पाच फूट मागे, ब्रेक. स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे. वेग चालण्याइतकाच. आजूबाजूला मुलं, कुत्री, बघे कुणी नकोत. चाक सुटलं की गाडीला एक बारीक झटका बसतो. तिथेच थांबा, जराही पुढे जाऊ नका. सैल चाकावर पन्नास पावलं गेली तरी रिमची भोकं लांबट होतात आणि स्टड खाल्ले जातात.

चालत्या स्थितीत नसलेल्या जीपचं काय?

बंद पडलेली जीप धक्का मारून पुढेमागे केली तर तेवढा झटका बसत नाही, पण करून बघायला हरकत नाही. खरा उपाय घोडीवर आहे.

दोन घोड्या लावा, म्हणजे तो ॲक्सल दोन्हीकडून तोललेला राहील. गाडी हाताने हलवून बघा, डगमगते का. तीन नट काढा, दोन समोरासमोरचे नट शेवटच्या तीन-चार आट्यांवर राहू द्या. चाक उडालं तर ते नट त्याला अडवतात. मग जमिनीवर बसून, हात मागे टेकून, टाचांनी टायरच्या बाहेरच्या बाजूवर आळीपाळीने लाथ मारा: एकदा डाव्या कडेला, एकदा उजव्या कडेला. एका बाजूला दाबलं की दुसरी बाजू उचकते आणि गंजाची रिंग हळूहळू तुटते. वरखाली मारून तेवढं होत नाही. दहा लाथा, मग चाक पाव फेरा फिरवा, पुन्हा दहा. पायात जाड बूट घाला आणि अंगाचा कोणताही भाग गाडीखाली जाऊ देऊ नका.

घणाने मारलं तर?

मारा, पण टायरवर. रिमच्या कडेवर मारलं तर ती वाकते आणि मग हवा धरत नाही. ड्रमवर तर कधीच नाही: ड्रम बिडाचा असतो, बीड वाकत नाही, तडकतं, आणि तो तडा पुढे कधी तरी ब्रेक लावताना उघडा पडतो.

पुढच्या चाकासाठी एक सोपी युक्ती आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवा. चाकाचा आतला भाग बाहेर डोकावतो आणि गाडीखाली न जाता त्यावर लाकूड टेकवून घण मारता येतो. लाकूड जाड, चांगलं दोन-अडीच फूट लांब. चार किलोचा घण पुरे. एकाच जागी मारत बसू नका. दोन घाव, चाक फिरवा, दोन घाव. रबर बराच धक्का गिळतं, त्यामुळे घाव मोकळेपणाने बसू द्या. हळू हळू टकटक करून इथे काही साधत नाही.

मागच्या चाकाला हे करायचं तर चाकाच्या पुढे किंवा मागे उभं राहून लांब लाकूड तिरकं आत घालावं लागतं. अवघड आहे, पण गाडीखाली आडवं पडून घण मारण्यापेक्षा ते कधीही बरं.

गॅस कटरने हब तापवला तर लोखंड फुगून सुटतं म्हणतात.

लोखंड फुगतं हे खरं आहे, आणि लेथवाल्याकडे, टायर उतरवलेल्या सुट्या भागावर हे केलं जातं. टायर चढवलेला असताना चाकाला ज्वाळा लावू नका. कुणी कितीही अनुभवी असला तरी लावू देऊ नका. रिम तापली की आतलं रबर भाजतं, त्यातून पेटणारा वायू तयार होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा सोडली की धोका गेला असं वाटतं, तसं नाही, वायू आत तयार होतच राहतो. शिवाय हबमध्ये बेअरिंगचं ग्रीस आणि ऑइल सील आहेत, ते जळतात ते वेगळंच. या एका गोष्टीवर मला तडजोड मान्य नाही.

चाक हललं, पण ड्रमसकट बाहेर येतंय. काय करू?

थांबा आणि ब्रेकच्या पॅडलला कुणी पाय लावणार नाही याची खात्री करा. ड्रम सरकलेला असताना पॅडल दाबलं तर व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडतात, ब्रेक ऑइल सांडतं आणि एका कामाची तीन कामं होतात. ड्रम सुटा असेल तर ब्रेकचं ॲडजस्टमेंट मागे घ्या, मग तो चाकाबरोबर काढता येतो. पुढे चाक ड्रमपासून वेगळं करणं जमिनीवर सोपं जातं. आतली काळी धूळ फुंकू नका, हवेचा पाईपही मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा.

मागचा हबच निघत नाही. मध्ये एकच मोठा नट आहे.

हे वेगळंच प्रकरण आहे आणि इथे सर्वात जास्त नुकसान होतं, म्हणून सविस्तर सांगतो.

जुन्या जीपचे मागचे ॲक्सल मुख्यतः दोन तऱ्हेचे दिसतात. हबच्या मध्ये लहान बोल्टांचं कडं असेल तर चाक फिरवणाऱ्या शाफ्टची चकती त्या बोल्टांनी हबला धरलेली असते. ते बोल्ट काढले की शाफ्ट ओढून निघतो आणि पुढचं काम बेअरिंगच्या नटांचं. पण मध्ये एकच मोठा खाचांचा नट आणि त्यातून गेलेली, नटाला फिरू न देणारी स्प्लिट पिन दिसली, तर शाफ्टचं टोक निमुळतं आहे. हब त्या निमुळत्या टोकावर एका चावीसह (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्यासह) दाबून बसवलेला असतो. नट काढला तरी हब सुटत नाही. सुटू नये म्हणूनच तो तसा बनवलाय. आख्खी गाडी ढकलणारी ताकद त्या पकडीतून चाकाकडे जाते.

याला पुलर, म्हणजे स्क्रूने ओढून काढणारं हत्यार, लागतो, आणि तोही चाकाच्या पाचही स्टडवर बसणारा. ड्रमच्या कडेला नखं अडकवणारा पुलर लावू नका: ड्रम तडकेल, हब जागचा हलणार नाही. स्प्लिट पिन काढा, मोठा नट सैल करा, पण शाफ्टच्या टोकाशी पातळी येईल इतका चढलेला राहू द्या. टोकाचे आटे त्याने वाचतात आणि हब सुटताना गोळीसारखा उडत नाही. पुलरचा मधला स्क्रू घट्ट आवळा, त्याच्या डोक्यावर एक मोठा घाव घाला, पुन्हा आवळा. सुटत नसेल तर तसाच ताणलेला रात्रभर ठेवा. मी पहाटे अंगणातून मोठा आवाज ऐकून उठलोय, बाहेर जाऊन बघतो तर हब आपोआप सुटलेला. मात्र रात्री पुलर ताणलेला असेल तर त्याच्या समोरून कुणी जाणार नाही अशी व्यवस्था करा.

पुलर न लावता थेट शाफ्टच्या टोकावर घण घालणारे बरेच भेटतात. तो धक्का सरळ आतल्या बेअरिंगला जातो, आणि तिथून डिफरन्शियलच्या मधल्या ठोकळ्याला, ज्यावर दोन्ही शाफ्टची टोकं टेकतात. हब वाचवायला जाऊन आख्खा ॲक्सल उघडावा लागतो.

परत बसवताना निमुळता भाग कोरडा आणि स्वच्छ हवा, त्यावर ग्रीस नको. नट निदान २०० न्यूटन-मीटरने आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी आवळून जुळवा, सैल करून कधीही नाही. सैल राहिलेला हब चावी कापतो, आणि मग इंजिन चालू, गिअर पडलेला, पण जीप जागची हलत नाही.

लष्कराच्या जुन्या जीपला रिमवर बोल्टांचं आणखी एक कडं आहे. तेही काढायचं का?

नाही! ती दोन तुकड्यांची रिम आहे आणि त्या बाहेरच्या कड्याच्या बोल्टांनी दोन तुकडे एकत्र धरलेत. टायरमध्ये हवा असताना ते सोडवले तर रिमचा तुकडा तोंडावर येतो. चाक काढायला फक्त मधले पाच नट. रिम उघडायची असेल तर चाक गाडीवरून उतरवून, व्हॉल्व्हची पिन काढून, हवा पूर्ण गेल्याची खात्री करून.

एक स्टड तुटला. गाडी चालवता येईल?

पाचपैकी चार शाबूत असतील तर हळू, सरळ घरी किंवा गॅरेजपर्यंत. घाट नाही, हायवे नाही, मागे माणसं भरलेली नाहीत. दोन तुटले तर गाडी जागेवरून हलवू नका.

कशेडी घाटाच्या अलीकडे माझे दोन स्टड एकाच चाकाचे गेले होते. आदल्या आठवड्यात एका टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट आवळून घेतले होते, डाव्या बाजूचे आटे उलटे आहेत हे मी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. तेव्हापासून कुणीही चाकाला हात लावायच्या आधी मी सांगतो, आणि शेवटचं आवळणं स्वतः हाताने करतो. नवे स्टड हबमध्ये मागून दाबून बसवतात. हे प्रेसचं काम आहे, लेथवाल्याकडे न्या, आणि कोणत्या बाजूचा हब आहे ते त्यावर खडूने लिहून द्या.

पुन्हा अडकू नये म्हणून काय लावावं?

हबचा उंचवटा आणि रिमचं मधलं भोक वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. रिमची पाठ आणि ड्रमचा चेहरा यांवरचे रंगाचे, गंजाचे पापुद्रे काढा. मग फक्त उंचवट्याच्या कडेला तांब्याच्या भुकटीची अँटी-सीझ पेस्ट बोटाने पातळ फिरवा. नसेल तर ग्रीसचा पुसट हात. स्टडचे आटे आणि नट जिथे रिमला टेकतो तो उतार कोरडा ठेवा. तिथे तेल लागलं की तेवढ्याच जोरात नट कितीतरी जास्त आवळला जातो आणि स्टड ताणला जातो.

नट एक सोडून एक, चांदणी काढावी तसे आवळा. गाडीच्या पुस्तकात असेल तो आकडा धरा. अर्ध्या इंची स्टडला तो साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पन्नास-साठ किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा.

किती दिवसांनी चाकं काढावीत?

वर्षातून दोनदा. एकदा मे महिन्यात, पावसाच्या आधी, आणि एकदा दिवाळीच्या सुमाराला चिखल वाळल्यावर. स्टेपनीही खाली उतरवा, तिचे नटही गंजतात. एका माणसाला चार चाकांना एक सकाळ लागते, आणि ड्रम उघडा असताना ब्रेकचं लायनिंग, सिलिंडरची गळती आणि बेअरिंगचा खेळ तिथेच बघून होतो.